मिडलटन टॉप ते अ‍ॅशबर्न: आईबाबा, ४० किलोमीटर आणि चुनखडी

आधी निकाल सांगतो, मग केस. ६१ वर्षांची आई सात गिअरच्या साध्या सायकलवर ४० किलोमीटर गेली, आणि ६६ वर्षांचे बाबा इ-बाईकवर असून निम्म्या वाटेत डेड बॅटरी घेऊन उभे राहिले. यात चूक कोणाची यावर घरी दोन दिवस चर्चा झाली. मी आपला म्हणत होतो की चढाने घोळ केला, बाबांनी कागदावर हिशेब मांडून मला खोटं पाडलं. तो हिशेब पुढे देतो.

मी इंग्लंडमध्ये डर्बीत राहतो, आईबाबा बार्शीचे, मे महिन्यात तीन आठवड्यांसाठी आले होते. दोघंही सायकलवाले. बाबा वीजमंडळात होते, नोकरीची पहिली दहा वर्षं सायकलवरच काढलेली. आई शाळेत सायकलने जायची आणि अजूनही मंडईत जाते. पण इकडच्या रस्त्यांवर, त्या अरुंद लेन आणि मागून साठच्या स्पीडने येणाऱ्या गाड्या, तिथे त्यांना न्यायची माझी हिंमत नव्हती. म्हणून व्हाइट पीक. पीक डिस्ट्रिक्ट या इथल्या डोंगराळ नॅशनल पार्कचा दक्षिणेकडचा अर्धा भाग, सगळा चुनखडीचा, आणि त्याच्या डोक्यावरून गेलेल्या दोन बंद पडलेल्या रेल्वे लाईनी, हाय पीक ट्रेल आणि टिसिंग्टन ट्रेल. रूळ काढून त्यावर चुनखडीची कच पसरून दाबलेली. आपल्याकडे मुरूम टाकून रोलर फिरवतात ना तसंच, फक्त रंग तांबडा नाही, राखाडी-पांढरा. गाड्यांना बंदी, सायकल, घोडे आणि पायी चालणारे एवढेच. अधूनमधून एखादा छोटा रस्ता आडवा जातो तिथे फाटक आहे, उतरायचं, बघायचं, पलीकडे जायचं. बाकी शून्य ट्रॅफिक.

प्लॅन असा. मिडलटन टॉपवरून हाय पीक ट्रेलने पार्सली हे, साधारण १८ किलोमीटर, तिथे दोन्ही ट्रेल एकत्र येतात, मग टिसिंग्टन ट्रेलने खाली अ‍ॅशबर्न, २१ किलोमीटर. पार्सली हे साधारण साडेतीनशे मीटरवर आणि अ‍ॅशबर्न त्याच्या दोनशे मीटर खाली, म्हणजे दुसरा अर्धा सगळा उताराचा. दिशा उलटी करू नका, नाहीतर २१ किलोमीटर न दिसणारा चढ आहे, डोळ्याला सपाट वाटतो आणि मांड्यांना नाही. अ‍ॅशबर्नला आता रेल्वे नाही, तिकडून परत यायला बायकोने गाडी घेऊन यायचं ठरलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मला हौस. म्हणलं मिडलटन टॉपवर गाडीने जाऊन सुरू करण्यात काय मजा, खालून करू, क्रॉमफर्डच्या कॅनॉलपासून, जिथून हाय पीकची रेल्वे खरंच सुरू व्हायची. हीच ती चूक क्रमांक एक.

ही रेल्वे मुळात कालवा व्हायची होती. क्रॉमफर्डचा कॅनॉल आणि उत्तरेला पीक फॉरेस्ट कॅनॉल, मधे चुनखडीचं पठार, दोन्ही जोडायचे. पण कालव्याला पाणी लागतं आणि चुनखडीवर पाणी ठरत नाही. हे आईला समजावताना मला एकच उदाहरण सुचलं, आपल्या घरातली शहाबादी फरशी. ती चुनखडीच. तिच्यावर लिंबू सांडलं आणि पुसायला विसरलं की पांढरा खरखरीत डाग कायमचा. लिंबाच्या आंबटाने दगड खाल्लेला असतो. पावसाच्या पाण्यातही किंचित आंबटपणा असतो, हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळून आलेला, तो लाखो वर्षं फटीफटीतून दगड खात गेला आणि आतमध्ये बोगदे, गुहा, भेगा. वरून पडलेलं पाणी सरळ खाली. म्हणून पठारावर दऱ्या आहेत पण त्यात ओढे नाहीत, कोरड्या दऱ्या. शेतांमध्ये गुरांसाठी गोल तळी दिसतात, ती तळाला चिकणमाती चोपून माणसाने केलेली, नाहीतर थेंब टिकत नाही. आई म्हणाली, "म्हणजे हिरवंगार दिसतंय नुसतं, पण हे बी आपल्यासारखंच की, पाण्याला महाग." बार्शीची बाई, तिला हे लगेच कळतं.

तर कालवा नाही, रेल्वे. १८२५ मध्ये पार्लमेंटचा कायदा, इंजिनिअर जोसायस जेसप, १८३०-३१ मध्ये सुरू, ३३ मैल. पण डोकं कालव्याचंच होतं. कालवा कसा असतो, लांबच लांब सपाट आणि मग लॉक, म्हणजे दारं बंद करून पाणी आणि नाव वर चढवायचा हौद, लावून एकदम एक पायरी वर. यांनी लॉकच्या जागी उभे चढ केले, इनक्लाइन, वर वाफेचं इंजिन घट्ट बसवलेलं आणि वाघिणी दोराने, साखळीने ओढायच्या. मधल्या सपाट भागात सुरुवातीला घोडे. समुद्रसपाटीपासून २७७ फुटांवर क्रॉमफर्डला निघायचं आणि वर पठारावर लॅडमनलोला १,२६६ फुटांवर पोचायचं, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या चार किलोमीटरमध्येच. शीप पाश्चर आणि मिडलटन, दोन इनक्लाइन, साधारण आठास एक, म्हणजे बारा टक्के.

आता तुम्ही विचार करा, बारा टक्के, सैल कच, आणि मी दोन ज्येष्ठांना घेऊन खाली उभा. आई पहिल्या पन्नास मीटरनंतर उतरली आणि सरळ चालायला लागली, पदर नाही, ट्रॅकपँट, पण चाल तीच, वारीतली. बाबांनी इ-बाईक टर्बोवर, म्हणजे मोटरच्या सगळ्यात जास्त मदतीवर, टाकली आणि हात हलवत पुढे गेले. मी माझी ग्रॅव्हल बाईक ढकलत मधे. वाटेत पायथ्याजवळ एक खड्डा दिसतो, कॅच पिट. १८८८ मध्ये वरून सुटलेल्या वाघिणी एवढ्या वेगाने आल्या की खालचा कॅनॉल आणि शेजारची मेन लाईन दोन्हीवरून उडून गेल्या, त्यानंतर हा खड्डा केला, पुढचं जे सुटेल ते यात पडावं म्हणून. एका मोडक्या वाघिणीचा सांगाडा अजून आत पडलेला आहे, झाडोऱ्यात. आईने वाकून बघितलं आणि म्हणाली, "आणि तू आम्हाला हितनं वर नेतोयस."

वर मिडलटन टॉपला इंजिन हाऊस आहे, १८२९ चं बीम इंजिन, जागच्या जागी जपलेलं. त्या इंजिनाला लागणारं पाणीसुद्धा खालून रेल्वेनेच यायचं, जुने टेंडर, म्हणजे वाफेच्या इंजिनामागच्या पाण्याच्या टाक्या, भरून, आणि त्यातलंच पाणी लाईनीवरच्या वस्त्यांनाही. टँकरच की. बाबा तिथे बराच वेळ थांबले.

आणि इथे चूक क्रमांक दोन, जी मला तेव्हा कळलीच नाही. वर आल्यावर मी बाबांना सांगायला हवं होतं की आता टर्बो काढा, इकोवर, कमी मदतीवर या, पुढे जवळजवळ सपाट आहे. नाही सांगितलं. बाबांची समजूत अशी झाली की या सायकलचं हे बटण म्हणजेच सायकल. शिवाय भाड्याची इ-बाईक ज्या दुकानातून घेतली त्यांनी बॅटरी पूर्ण चार्ज न करताच दिली होती, निम्म्याहून थोडी कमीच, आणि "होऊन जाईल" म्हणाले, मी मान डोलावली. ४०० वॅट-अवरची बॅटरी, त्यात म्हणजे साधारण १८० उरलेले.

मिडलटन टॉपनंतर हॉप्टनचा चढ आहे, चौदास एक, इथे सुरुवातीला दोर होता पण नंतर तो काढून इंजिनं स्वतःच्या चाकांवर चढवायला लागले आणि ब्रिटनमधला तसा सगळ्यात उभा चढ म्हणून तो रेल्वेवाल्यांमध्ये प्रसिद्ध. तो एक चार-पाचशे मीटरचा तुकडा गेला की मग खरी मजा. पठार उघडं होतं. दोन्हीकडे चुना-सिमेंट काहीही न लावता नुसते दगडावर दगड रचलेले गडगे, मैलोन् मैल, राखाडी. मधे मेंढ्या, कोकरं. आणि ट्रेल स्वतः शेतांच्या वर उचललेला, दगडी बांधावरून जातो. मिनिंगलोजवळचा बांध तर बघण्यासारखा आहे, खाली उतरून बघा, किल्ल्याच्या तटासारखी दगडी बाजू, ती वरून सायकलवरून दिसतच नाही. शेजारच्या टेकडीवर झाडांचा झुबका आहे, तिथे अश्मयुगातली थडगी आहेत. थोडं पुढे जुनी वीटभट्टी. चुनखडीत वीटभट्टी कशाला असा प्रश्न पडतो, तर चुनखडीतल्या पोकळ्यांमध्ये सिलिका वाळू साठलेली सापडली, त्यापासून भट्ट्यांच्या अस्तराच्या विटा बनायच्या.

मग गॉथम कर्व्ह. हे मला फार आवडतं. ५५ यार्ड त्रिज्येचं वळण, म्हणजे ५० मीटर, त्यात गाडी ८० अंशात वळायची. रेल्वेसाठी हे वेडेपणाचं आहे. पण कालव्याच्या डोक्याने आखलं ना, टेकडीला वळसा घालून एकाच पातळीवर राहायचं, कापायचं नाही, भरायचं कमी. सायकलवर ते वळण येतं आणि जातं, कळतही नाही. फक्त कच सैल असते बाहेरच्या बाजूला, पुढचा ब्रेक वळणात दाबू नका. (मी दाबला होता एकदा, गुडघा अजून दाखवतो.)

बाबांची बॅटरी मिनिंगलोच्या थोडं पुढे गेली. पश्चिमेचा वारा समोरून, तेरा अंश, आणि २४ किलोची सायकल. ते काही बोलले नाहीत, नुसते उतरले आणि स्क्रीनकडे बघत राहिले, फ्यूज उडाल्यावर मीटरकडे बघायचे तसे. आई तोपर्यंत पाव किलोमीटर पुढे. तिला पहिल्यांदा इ-बाईकच दाखवली होती, तर म्हणाली मोटर लावायची तर सायकल कशाला, लुनाच घेऊ. आता ती फाटकापाशी उभी, फाटक उघडं धरून, घोड्यावरच्या दोन मुलींना जायला जागा देत. मिडलटन टॉपपासून पेनाइन ब्राइडलवे हा घोड्यांचा लांब मार्गही याच ट्रेलवरून जातो, त्यामुळे घोडे असतातच. मागून येताना घंटी वाजवून दचकवायचं नाही, लांबूनच आवाज द्यायचा, हळू जायचं.

आम्ही सायकली अदलाबदल केल्या. माझी बाबांना, त्यांची मला. आणि मग मला जे कळलं ते असं की बॅटरी नसलेली २४ किलोची सायकलसुद्धा तिथे चालते. रडत नाही, चालते. कारण चढ एक टक्का, कुठे तोही नाही.

रात्री बाबांनी केलेला हिशेब असा. माणूस, सायकल, पिशवी मिळून १०० किलो धरा. बारा टक्के चढावर ताशी ६ किलोमीटर जायचं तर नुसत्या चढासाठी २०० वॅटच्या आसपास लागतात. एक टक्क्यावर ताशी १२ जायचं तर तीस-बत्तीस वॅट. कचेवर चाक फिरवायला आणखी जवळजवळ तेवढेच, डांबरावर निम्मे. म्हणजे त्या ट्रेलवर चढ आणि कच मिळून जेवढं मागतात ते कोणीही धडधाकट माणूस तासन् तास देऊ शकतो. रेल्वेने आपल्यासाठी केलं ते एवढंच, चढ दुमडून ठेवला. जिथे नाही दुमडला, त्या इनक्लाइनवर, तिथे आपण उतरून ढकलतो.

पण पुढची ओळ मला अपेक्षित नव्हती. दोनशे मीटर वर १०० किलो नेलं म्हणजे ५५ वॅट-अवर. मोटरची गळती धरून ७५. १८० मधले ७५ गेले तर शंभरच्या वर उरले होते. मग ते कुठे गेले? टर्बोवर, वाऱ्यात, १५० वॅटने पाऊण तास. "तुझा चढ निर्दोष आहे," बाबा म्हणाले, "मी बटण विसरलो आणि तू सांगायचं विसरलास. दुकानदार तिसरा." बॅटरी चढाने संपली असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. खरं तर ती सपाटीवर संपली.

पार्सली हेला पोचलो तेव्हा पाणी संपून तास झाला होता. हेही लिहून ठेवा, वाटेत नदी नाही, ओढा नाही, वर सांगितलंय का ते. प्रत्येकी दोन बाटल्या भरून निघा. पार्सली हेला कॅफे आहे, सायकल भाड्याने मिळते, आम्ही थेपले काढले आणि वर चहा घेतला. इथून हाय पीक ट्रेल अजून उत्तरेला डाऊलोपर्यंत जातो आणि तिथे थांबतो, कारण पुढे रूळ अजून आहेत, खाणींमधला दगड अजून रेल्वेने जातो. दगडाला गिऱ्हाईक आहे तिथे रेल्वे, नाही तिथे आपण. १९६७ मध्ये लाईन बंद झाली आणि १९७१ मध्ये काउंटी कौन्सिल आणि पीक पार्कने मिळून जमीन घेतली. चार वर्षांत. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, कच कुठली टाकली आणि बोर्ड कसे लावले यापेक्षा. लाईन एकसंध असतानाच घेतली. एकदा का पट्टा तुकड्यातुकड्याने शेजारच्या शेतकऱ्यांना विकला गेला, एक पूल पडला, एका कटिंगमध्ये, म्हणजे टेकडी कापून केलेल्या खोल वाटेत, कचरा भरला, की मग ती जोडायला पिढी जाते.

टिसिंग्टन ट्रेल वेगळ्या स्वभावाचा आहे आणि ते लगेच जाणवतं. ती लाईन १८९९ ची, लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेची. सत्तर वर्षांनी आलेली, डोकं पूर्ण रेल्वेचं. वळसे नाहीत, टेकडी आली की सरळ कापली. कोल्डइटनच्या कटिंगमध्ये शिरलो आणि वारा एकदम थांबला, कानात घुमणारं बंद. दोन्हीकडे चुनखडीचे थर, पायऱ्या पायऱ्या, फटीतून फर्न, खाली पिवळी काउस्लिपची फुलं. बाबा हाताने दगड चाचपत होते. बारकाईने बघितलं तर त्यात गोल गोल चकत्या दिसतात, स्क्रूच्या आट्यांसारख्या. क्रिनॉइडचे देठ, समुद्री लिलीचे. तेहतीस-चौतीस कोटी वर्षांपूर्वी हे सगळं विषुववृत्ताजवळच्या उथळ समुद्राचा तळ होतं. आपला काळा दगड लाव्हाचा, त्यात शंखशिंपले शोधून सापडायचे नाहीत, म्हणून आपल्या लोकांना हे जास्त भारी वाटतं.

टिसिंग्टन गाव ट्रेलला लागूनच आहे. तिथे योगायोगाने विहिरी सजवलेल्या होत्या. असेन्शन डे या ख्रिस्ती सणाला, साधारण मे महिन्यात, गावातल्या विहिरी आणि झऱ्यांवर मोठे लाकडी फलक उभे करतात, त्यावर ओली माती थापलेली आणि मातीत फुलांच्या पाकळ्या, पानं, बिया एकेक करून दाबून चित्र. आई एका फलकासमोर दहा मिनिटं. हायड्रेंजियाची एकेक पाकळी कौलांसारखी खालून वर एकमेकीवर चढवलेली, पाऊस आला तर पाणी ओघळून जावं म्हणून. "रांगोळी उभी केलीय," म्हणाली. का करतात तर पाण्याचे आभार. १६१५ च्या दुष्काळात आजूबाजूचं सगळं आटलं आणि इथलं पाणी आटलं नाही असं गावात सांगतात, काही जण त्याही आधीच्या प्लेगशी जोडतात. पठारावर अख्खा दिवस कोरडा गेल्यावर ते आभार आम्हाला पटले.

तिथून अ‍ॅशबर्न जवळजवळ पॅडल न मारता. फक्त शेवटी गावाआधी एका ओढ्यापाशी ट्रेल एकदम खाली डुबकी मारतो आणि तसाच वर येतो, रेल्वेचा पूल आता नाही. दिवसभर सपाटीची सवय लागलेली असते, तिथे लोक धडपडतात. आईला आधीच सांगितलं, या वेळी सांगायला विसरलो नाही.

सायकलींचं सांगायचं तर आईच्या सायकलला ३८ मिमीचे जाड टायर होते आणि तेच कामाला आले. बारीक रोड टायर कचेत रुततात. पाऊस झाला असेल तर ती कच दुधाळ चिखल होऊन चेनवर बसते आणि वाळल्यावर पांढरं कवच, ते चेन घासून खातं. त्याच दिवशी पाण्याने धुवा, दुसऱ्या दिवशी खरवडावं लागतं. चिखलात रुतत मात्र नाही, कारण पाणी खाली झिरपून जातं, म्हणून हा ट्रेल हिवाळ्यातही चालतो. चुनखडीचा एवढा एक फायदा.

राहिलेल्या सुट्टीत बाबांना फक्त एकच जागा बघायची होती, शेजारच्या खोऱ्यातली मॅनिफोल्ड लाईन. कारण मी चुकून सांगितलं की तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. तोच, आपल्या बार्शी लाईट रेल्वेवाला. १८९७ ला बार्शी, १९०४ ला मॅनिफोल्ड, दोन्ही अडीच फुटी. इथली तीस वर्षंच टिकली, १९३४ ला बंद, १९३७ ला पायवाट झाली. आपली कुर्डुवाडी-लातूर मात्र नॅरोगेजवर २००७-०८ पर्यंत धावली आणि मग ब्रॉडगेज. मॅनिफोल्डच्या वाटेवर कच नाही, डांबर आहे, आणि मधला एक तुकडा गाड्यांसोबत वाटून घ्यावा लागतो, त्यामुळे शंभर टक्के ट्रॅफिक-फ्री म्हणवत नाही. उन्हाळ्यात तिथली नदीच गायब होते, वेटन मिलपाशी जमिनीत शिरते आणि पार इलमला बाहेर येते. आम्ही गेलो तेव्हा पात्रात नुसते गोटे होते. बाबा पुलावर थांबून खाली बघत म्हणाले, "बार्शीच्या गाडीला पाणी भरायला तरी थांबावं लागायचं. इथं नदीच गाडी सोडून गेली."

पुढच्या वर्षी येणार आहेत. या वेळी मिडलटन टॉपला गाडीने, आणि बाबांनी आधीच सांगून ठेवलंय, साधी सायकल, आईची होती तशी.